आबांचा रान पिंगळा आणि तीन जावा

आमच्या ग्रुपमध्ये फोटोंपेक्षा किस्से जास्त निघतात, कारण फोटोला निदान उजेड लागतो. दर रविवारी सकाळी जळगावात सलीमभाईंच्या दुकानासमोर, चहाच्या टपरीवर आम्ही चौघं जमतो आणि कॅमेऱ्यांवरून तासभर भांडतो. कोणती बॉडी भारी, कोणती लेन्स, कोणाचा फोकस जोरात. टपरीवाल्याने एकदा विचारलं, "तुम्ही जंगलात कधी जाता हो?" जातो की. तिथे जाऊनही भांडतो.

चौघांपैकी सलीमभाई पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता कॅमेरे करतात. प्रशांत धुळ्याचा, लग्नाचे फोटो काढतो. नवीन मॉडेल येणार हे कंपनीच्या आधी त्याला कळतं. मी ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर पाइप कुठे गळतो ते बघते. आणि आबा म्हणजे यावलच्या शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर. सातवीत मला पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवली. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे, आणि आम्ही पोरं कंपास लावून त्यात चूक शोधायचो. सापडायची नाही.

आबांना एकच फोटो हवा होता, रान पिंगळ्याचा. सातपुड्यातलं हे छोटंसं घुबड दिवसाढवळ्या फिरतं, आणि ते आता मोजक्याच जंगलांत उरलंय. आमच्या तिघांकडे त्याचा फोटो आहे. आबांना तो सहा वेळा दिसला आणि सहाही वेळा फोटो हललेला आला. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. आम्हाला ते दिसत होतं, त्यांना तर कळतच होतं. पण टपरीवर तो विषय कोणी काढायचं नाही, असं न ठरवता ठरलेलं. त्याऐवजी आम्ही कॅमेरे बदलत होतो.

*

पहिला दोष गेला लेन्सवर. आबांकडे तेव्हा जुना, आरशाचा डीएसएलआर होता. सलीमभाईंनी त्याची लेन्स उघडली, डोळ्याला भिंग लावून अर्धा तास बघितलं आणि म्हणाले, "एक स्क्रू ढीला था, आबा. अब एकदम पत्थर जैसा फोटो आएगा."

आबा जंगलात जाऊन आले. फोटो हललेला. सलीमभाईंनी पुन्हा लेन्स उघडली. पुन्हा तोच स्क्रू ढिला.

तिसऱ्यांदाही तोच स्क्रू निघाला, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "सलीमभाई, तो स्क्रू मला एकदा दाखवा तरी."

सलीमभाईंनी टेबलावर बघितलं, खण उघडला, वाकून टेबलाखालीही बघितलं. "अभी तो यहीं था," ते म्हणाले.

*

मग प्रशांतने जाहीर केलं की आबांनी मिररलेस घ्यायचा. त्यात आरसाच नाही, म्हणून आरशाचा दणका नाही. वर आतला सेन्सर स्वतः हलून हाताची हालचाल खाऊन टाकतो. "आठ स्टॉपचं स्टॅबिलायझेशन, आबा," तो म्हणाला. "भूकंपात पण शार्प येईल."

आमच्या तिघांकडे तीन मिररलेस होते. प्रशांतचा फुल-फ्रेम, म्हणजे सगळ्यात मोठ्या सेन्सरचा, त्यावर दोनशे-सहाशेची लांबलचक लेन्स. माझा त्याहून लहान सेन्सरचा, त्यावर शंभर-चारशे. सलीमभाईंचा सगळ्यात छोट्या सेन्सरचा, आणि त्याची लेन्स तर पाण्याच्या बाटलीएवढी. आबांनी त्यांची नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी. एका घरातल्या तीन जावा, म्हणाले, प्रत्येकीचं काहीतरी चांगलं आणि काहीतरी नडतं.

आता वजन महत्त्वाचं. कंपनीच्या आकड्यांवर सलीमभाईंचा विश्वास नाही, म्हणून शेजारच्या सराफाकडे गेलो. त्याच्याकडे चांदी तोलायचा मोठा काटा आहे. लेन्स लावून एकेक कॅमेरा वर चढला. सराफाने सवयीने तोळ्यांत सांगितलं: थोरली दोनशे ऐंशी, मधली दोनशे दहा, धाकटी एकशे सत्तर.

पैंजण घ्यायला आलेल्या एक बाई हे सगळं बघत होत्या. "बाई गं," त्या म्हणाल्या, "एवढं कोणाच्या लग्नासाठी?"

सराफाने मान वर केली नाही. "पिंगळ्याच्या," म्हणाला.

*

आबांनी अर्थातच धाकटी निवडली आणि महिनाभर वापरली. उन्हात रंग सुंदर यायचे. पण सावलीतल्या फोटोत दाणे दिसायचे, आणि दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती: कॅमेरा इतका हलका की हाताबरोबर तोही मनसोक्त हलायचा. धाकटी परत गेली.

प्रशांतला थोरली पुढे करायची होती. तिचा शटर आवाजच करत नाही, पिंगळा दचकणार नाही. आधी लग्नात नीट पारखून घेतो म्हणाला. धुळ्याजवळच्या एका गावात लग्न होतं. नवरदेवाचे आजोबा, म्हणजे नाना, मधल्या खुर्चीत आणि मागे साठ नातेवाईक. प्रशांतने फोटो काढला आणि म्हणाला, "झालं, बसा."

नाना उठेनात. "आवाज उना नही," ते म्हणाले. "फोटू कसा निघना?"

प्रशांतने पडद्यावर फोटो दाखवला. नानांनी चष्मा वर करून तो बघितला. "हाऊ जुना व्हई," म्हणाले, म्हणजे हा आधीचाच कुठला तरी असणार. साठ माणसं उन्हात उभी. शेवटी प्रशांतने मेनूत शिरून शटरचा खोटा आवाज चालू केला, पार मोठा. खटाक!

"हां, आते निघना," म्हणत नाना उठले.

त्या खटाकवाल्या फोटोत नानांचे डोळे मिटलेले आहेत. अल्बममध्ये आधीचा, बिनआवाजाचाच लावावा लागला.

*

तेवढ्यात माझ्या मधलीत नवीन अपडेट आलं. पक्ष्याचा डोळा आपोआप शोधून धरणारा फोकस! मी इतकी खूश झाले की सकाळी सहालाच आबांना गाडीवर बसवून सावद्याला गेले. केळीच्या बागांच्या कडेला वेडे राघू बसतात, ते टिपायचे होते. रस्त्यात केळी भरलेला एक ट्रक उभा होता. आबांनी कॅमेरा उचलला आणि फोकसचा हिरवा चौकोन जो ट्रककडे पळाला तो तिथून हलेना. ट्रकच्या मागच्या फळीवर गरुड रंगवलेला होता. कॅमेऱ्याने त्याचा डोळा धरून ठेवला होता.

राघू उडून गेले. आम्ही पोट धरून हसलो. आबांनी मग मुद्दाम त्या गरुडाचेच धडाधड फोटो काढले, सेकंदाला वीस. ट्रक ड्रायव्हर खाली उतरून बघून गेला.

रविवारी टपरीवर ते फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले. शंभराच्या वर फोटो होते. रंगवलेला गरुड, उभा ट्रक, लख्ख ऊन. त्यातले चार-पाच बरे, बाकी सगळे हललेले.

मग प्रशांत म्हणाला, "इंजिन चालू असेल. व्हायब्रेशन येतं त्याने."

"हो हो," सलीमभाई म्हणाले. "डीज़ल इंजिन है ना."

इंजिन बंद होतं. मी तिथेच उभी होते. मीसुद्धा म्हणाले, "चालूच होतं." आबा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

*

यावर उपाय ट्रायपॉड. हे आधी का सुचलं नाही विचारू नका. सुचलं होतं, पण ट्रायपॉड सुचवणं म्हणजे हातांचा विषय काढणं. आता मी तो वाऱ्याच्या नावावर खपवला. डोंगराखाली वारा फार, आबा, ट्रायपॉड हवाच.

ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला खाली हूक असतो. तिथे वजन अडकवलं की तो हलत नाही. बाकीचे लोक दगडाची पिशवी अडकवतात. आम्ही यावलच्या ज्या बागेच्या कडेला उभे होतो, तिचा मालक आबांचा विद्यार्थी निघाला. "दगड कशाला, सर?" म्हणत त्याने केळीच्या चार टपोऱ्या फण्या बांधून दिल्या. पिकलेल्या.

आबा आणि मी पाणी प्यायला गाडीपाशी गेलो. परत वळून बघतो तर ट्रायपॉडभोवती वानरांची पंगत बसली होती. एका मोठ्या हुप्प्याने फणी ओढली ती ट्रायपॉडसकट. मधली लेन्सवर पडली.

विम्याचा फॉर्म मी खरा भरला. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, बाकी सगळं समजलं. पण कॅमेऱ्याला केळी का लटकवली होती?"

मी खूप विचार केला. शेवटी म्हटलं, "वाऱ्यासाठी."

*

मधली दुरुस्तीला गेली आणि आबांनी टपरीवर सांगून टाकलं, "पोरांनो, पुरे आता. एकदा शेवटचं जातो. नाही जमलं तर माझा कॅमेरा सलीमभाईंच्या शोकेसमध्ये ठेवून द्या." ते हसत बोलले, पण त्यानंतर कोणी दुसरा चहा मागवला नाही.

प्रशांतला त्या दिवसांत लग्नं होती, म्हणून त्याने थोरली नुसतीच पाठवली. सगळ्यांत जड, पण सागाच्या सावलीतल्या कमी उजेडात तिचाच भरवसा. आबा, सलीमभाई आणि मी निघालो. या वेळी अक्का, म्हणजे आबांच्या मिसेस, पहिल्यांदा बरोबर होत्या. त्यांना मनुदेवीचं दर्शन घ्यायचं होतं, आणि आम्ही कबूल केलं होतं की आधी जंगल, मग देवी. वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यावरचे रायसिंगभाऊ होते. या भागातला एकूण एक पिंगळा त्यांना ठाऊक आहे.

आठच्या सुमाराला रायसिंगभाऊंनी हात वर केला. समोर, नाल्याच्या पलीकडे, सागाच्या फांदीवर रान पिंगळा बसला होता. अंग फुगवून, शेपटी झटकत. पायाखाली सागाची वाळलेली पानं. ट्रायपॉड उघडला असता तर कुरकुर आवाज होऊन तो उडालाच असता. आबांनी थोरली उचलली. लेन्सचं तोंड गोल गोल फिरायला लागलं.

सलीमभाई कुजबुजले, "आबा, उसका स्टॅबिलायझेशन का बटन देखो, मोड दो पे है क्या?" मी म्हटलं, "शटर स्पीड वाढवा, आबा." सलीमभाई म्हणाले, "आयएसओ भी."

अक्का मागून आमची ही धांदल बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "इतके कॅमेरे काह्याले बदलता तुम्ही लोक? हात थरथरतात त्यायचे. मशीन त्याले काय करीन?"

दोन वर्षं आम्ही तिघांनी जे वाक्य गिळलं होतं, ते अक्कांनी इतक्या सहज म्हटलं. मला फार लाज वाटली. सलीमभाई जमिनीकडे बघायला लागले. आबा मात्र अक्कांकडे वळले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना मोकळं झालेलं बघितलं. "थरथरतात खरे," ते म्हणाले.

"मंग बसा खाली."

आबा बसले. अक्का जपून पुढे आल्या आणि आबांच्या समोर, त्यांच्याकडे पाठ करून, दगडावर बसल्या. अंगावरच्या शालीची घडी करून उजव्या खांद्यावर ठेवली. "ठेवा याच्यावर."

आबांनी दोनशे ऐंशी तोळे अक्कांच्या खांद्यावर ठेवले. अक्कांनी श्वास रोखला. लेन्सचं तोंड थांबलं. पिंगळ्याने मान वळवून थेट आमच्याकडे बघितलं.

*

पुढच्या रविवारी टपरीवर लॅपटॉप उघडला. मी आजवर पाहिलेला रान पिंगळ्याचा सर्वांत सुंदर फोटो. पिवळ्या डोळ्यात समोरचा नालासुद्धा दिसत होता, छातीवरचं एकेक पीस वेगळं मोजून घ्यावं असं. सलीमभाईंनी भिंग लावून पडदा बघितला. अक्काही आल्या होत्या, बाकावर आबांशेजारी, बशीत चहा गार करत.

प्रशांत लग्नं उरकून थेट धुळ्याहून आलेला. त्याला आम्ही कोणी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने फोटोची सेटिंग उघडली आणि ओरडलाच, "सहाशेला वन बाय हंड्रेड? एवढा हळू शटर, हातात धरून? माझ्याने पण होत नाही हे, आबा. माझाच कॅमेरा आहे. कोणतं स्टॅबिलायझेशन लावलं होतं?"

"जुनं मॉडेल आहे," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

"मॅन्युअल? बाहेरून जोडायचं? बॅटरी कोणती लागते त्याला?"

अक्कांनी बशी खाली ठेवली आणि खांदा जरा चोळला. "बॅटरी नाही लागत," त्या म्हणाल्या. "चहा लागते. सांग अजून एक."

प्रशांतने टपरीवाल्याला एक चहा सांगितला, आणि मोबाइल काढून ते मॉडेल शोधायला लागला.