यंदाचा उंदीर कुणाचा?

मोठी काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला मामांच्या कारखान्यात होते. कारखाना म्हणजे यंत्रांचा नव्हे, गणपतींचा. पेणमध्ये मूर्ती जिथे घडतात त्या जागेला सगळे कारखानाच म्हणतात. आषाढ होता, बाहेर धो धो पाऊस, आत मूर्ती वाळत नव्हत्या म्हणून पंखे लावलेले. मामा एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. आखणी चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही, आणि एक डोळा झाल्यावर दुसरा केल्याशिवाय ते उठत नाहीत. मी फोन हातात धरून दाराशी उभी राहिले. आपण थांबतोय हे बरोबर की चूक, मला ठरवता येईना... दुसरा डोळा पुरा झाला. मामांनी कुंचला पाण्यात सोडला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "ताई?" मी मान हलवली. गेला महिनाभर तिला दम लागत होता, त्यामुळे आम्हाला दोघांनाही फार सांगावं लागलं नाही.

मोठी काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, आप्पांची बायको, आणि मामा तिचे धाकटे भाऊ. खरं तर माझे ते मामा नव्हेत, पण आमच्या घरात ज्याच्या त्याच्या नात्याचे असे हिशेब कुणी ठेवत नाही. बारावीनंतर "पोर पुढं शिकेल" असं काकीनेच जाहीर केलं आणि मला पेणला भावाच्या घरी ठेवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी लिहिते आहे ते नीट जमेल की नाही ठाऊक नाही. पण काकीबद्दल लिहायचं तर उंदराबद्दल लिहावं लागेल, आणि उंदराबद्दल आमच्या घराबाहेर कुणाला काही माहीत नाही.

आमचं गाव रोह्याहून आत. पावसात भात, भात कापून झालं की त्याच जमिनीत वाल. तीन भाऊ, एक चूल. आप्पा थोरले, माझे बाबा मधले, धाकटे काका नागोठण्याजवळ कंपनीत शिफ्टला जातात. माणसं बरीच आणि जनावरंही बरीच. गोठ्यातली गुरं, ओटीवरचा कुत्रा, चुलीपाशी मांजर, आणि कोंबड्या तर कुठेही. काकीला स्वतःचं मूल नव्हतं. हे मी आत्ता लिहिते आहे, पण घरात ते कधी आठवायचंच नाही, कारण आम्ही सगळीच तिची होतो.

लहानपणी ती वडिलांच्या कारखान्यात बसायची. मुलींच्या हाती तिथे आधी उंदीर देत, कारण उंदीर बिघडला तरी गणपती बिघडत नाही. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा वडिलांना म्हणाली, दर वर्षी गणपती तुम्ही पाठवा, पण उंदीर कच्चा पाठवा. म्हणजे न रंगवलेला, पांढरा. तेव्हापासून आमचा गणपती पेणहून पुरा रंगून येतो आणि त्याचा उंदीर कागदात गुंडाळून वेगळा येतो. चतुर्थीच्या आधी काकी मागच्या पडवीत बसायची. नारळाच्या करवंट्यांत रंग कालवायची आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायची नाही. उंदीर पाटावर बसला की मग बघायचं. त्याच्या अंगावर घरातल्या कुठल्यातरी जनावराची खूण असायची. त्या वर्षात घरावर ज्याचे उपकार झाले, त्याची. कुणाची ते ती सांगत नसे. आम्ही "कुणाचा गं काकी यंदा?" म्हणून मागे लागलो की एकच उत्तर, "वळखा."

एका वर्षी बियाण्याचे वाल उंदरांनी फस्त करायला घेतले होते आणि मनी मांजरीने रात्रंदिवस कणगीपाशी बसून ते वाचवले. त्या वर्षी गणपतीपुढचा उंदीर मनीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा होता. माझे बाबा बघतच राहिले. "वहिनी, उंदरालाच मांजर केलंत?"

"मग काय झालं, भावोजी? त्याला पन कलू दे, घर कोन राखतंय ता."

गुरुजी पूजेला आले की त्यांची नजर आधी खाली जायची. ते हसायचे, पण आक्षेप कधी घेतला नाही. नैवेद्याचं पान वाढलं की त्यातली पहिली चिमूट काकी उंदरापुढे ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, देवाच्या आधी का? ती म्हणाली, "देवाला काय घाई हाय? पायाशी जो बसलाय त्याला भूक आधी लागते." हे कुठल्या शास्त्रात आहे ते मी पुढे कॉलेजात आल्यावर शोधलंही. सापडलं नाही. पण मला खोटंही वाटलं नाही.

आमचा ढवळ्या बैल म्हातारा होऊन मेला, त्या वर्षी आम्ही सगळी पोरं हट्ट धरून बसलो की यंदा ढवळ्याच पाहिजे. काकी ऐकेना. "तो गेला. त्याचं त्याला पोचलं. जो हाय त्याच्यासाठी काढायचं असतं." आम्हाला ते फार कठोर वाटलं. ढवळ्यासाठी सगळ्यात जास्त रडली होती ती काकीच.

टिप्याचं वर्ष मात्र मला सगळ्यात जास्त आठवतं. टिप्या म्हणजे आमचा कुत्रा. कुठल्याशा भांडणात त्याचा डावा कान अर्धा गेलेला. तो धाकट्या काकांच्या मुलाच्या हाताला चावला. पोराला रोह्याला इंजेक्शनं घ्यायला न्यावं लागलं. हात बरा झाला, पण आप्पांनी ठरवून टाकलं की कुत्रा घरात नको. गावातला एक टेम्पोवाला भाजी घेऊन वडखळपर्यंत जायचा, त्याच्याबरोबर टिप्याला धाडायचं. आप्पांच्या पांढऱ्या मिशा वरच्या बाजूला वळवलेल्या असतात आणि ते निर्णय सांगताना त्यांना पीळ देतात. तसा पीळ देत ते म्हणाले, "नाक्यावर हाटेलं हायत. उपाशी नाय मरायचा." गौरी-गणपतीत टेम्पो बंद, म्हणून विसर्जनानंतरचा दिवस ठरला. काकी त्या बोलण्यात पडलीच नाही. भाकऱ्या थापत राहिली. मला तिचा राग आला होता.

चतुर्थीला पाटावर उंदीर बसला आणि त्याला डावा कान अर्धाच होता.

गुरुजींनी चष्मा पुसून परत बघितलं. "वहिनी, उंदराचा कान कुठे गेला?"

"अडकला आसंल कुठंतरी, गुरुजी. तुम्ही करा सुरू."

आप्पा पूजेला बसले होते. पाच दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ त्या अर्ध्या कानासमोर हात जोडले. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला, ड्रायव्हरने हॉर्न दिला. टिप्या ओटीखाली झोपला होता. आप्पा बाहेर गेले, टेम्पोच्या फळीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जा तू. आज काय नाय धाडायचं." आत येऊन काकीकडे न बघता पाट घेऊन बसले. काकीने ताट वाढलं. त्या विषयावर त्या दोघांत एक शब्दही झाला नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही.

मला मात्र राहवेना. मी तिला मागच्या पडवीत गाठून विचारलं, "पण काकी, टिप्यानं काय उपकार केलेत? तो तर चावला."

ती करवंट्या धूत होती. म्हणाली, "अजून काय केलान नाय. करील."

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. उपकार व्हायच्या आधीच उपकार मानायचे, हे कसं काय? ही श्रद्धा म्हणायची की हट्ट? मला खरंच कळत नव्हतं, आणि तिला विचारलं असतं तरी तिने "कामाला लाग गो" एवढंच म्हटलं असतं.

काकी गेल्यावर दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, तिचं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते आप्पांचं. आप्पा ओटीवर बसले ते बसलेच. आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस, शेतात माणसं लागलेली, पण आप्पा बांधावर जाईनात. बोलणं बंद. वाढलं तर दोन घास खायचे, नाही वाढलं तर तसेच उठायचे. चहाची त्यांना केवढी सवय, दिवसातून कितीदा तरी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचे. ती हाक थांबली. मी शनिवार-रविवार पेणहून एसटीने यायचे तेव्हा आई मला मागच्या दारी घेऊन जायची आणि हळू आवाजात म्हणायची, "मागत नायत गो काय पन. दिलं तर गिळतात. मागनारं मानूस जगतं. ह्यांचं मला भ्याव वाटतं." धाकटे काका रात्रपाळी करून आले की आधी ओटीवर डोकावून बघायचे, मगच पाय धुवायचे. एका माणसामागून दुसरं माणूस जाईल की काय, ही भीती घरातल्या प्रत्येकाला होती.

टिप्या रोज सकाळी काकीबरोबर शेतावर जायचा. ती गेल्यावर काही दिवस तो एकटाच जाऊन परत आला. मग एका रविवारी मी स्वतः बघितलं. तो बांधापर्यंत गेला, मागे वळला, ओटीसमोर येऊन आप्पांकडे तोंड करून भुंकायला लागला. हाकललं तरी हलेना. आप्पांचं धोतर दातांत धरायचा आणि सोडायचा. शेवटी आप्पा काठी घेऊन उठले. मला वाटलं मारतात आता. ते म्हणाले, "चल बाबा. तू नाय सोडायचास." आणि त्याच्यामागून चिखलात उतरले. एवढ्या दिवसांत घराने ऐकलेलं ते त्यांचं पहिलं बोलणं. तेव्हापासून रोज तो त्यांना नेतो आणि आणतो. मी ओटीवर उभी होते आणि मला काकी करवंट्या धुताना दिसत होती. करील, म्हणाली होती.

यंदा गणपती साधेपणाने आणायचं ठरलं. मामांनी मूर्ती टेम्पोत नीट बसवून दिली आणि एक कागदी पुडकं माझ्या हातात ठेवलं. "उंदीर आहे. कच्चाच ठेवलाय."

"मामा, यंदा तुम्हीच रंगवून द्या ना. मला कुठे येतंय?"

"माझं काम डोळ्यांचं," मामा म्हणाले. "उंदीर तुमच्या घरचा."

घरी आल्यावर मी पुडकं सोडलं आणि घाबरले. निदान रंग कसे लावायचे ते कळावं म्हणून फोनमधले गेल्या वर्षीचे फोटो काढून बसले. गेल्या वर्षीच्या उंदराने आम्हाला हरवलं होतं. काकीने त्याला भुवया काढल्या होत्या. धाकट्या काकांचा मुलगा पोट धरून हसला होता, "काकी, उंदराला भुवया कुठं असतात?" आणि ती म्हणाली होती, "यंदा हायत." आम्ही गोठा पालथा घातला, भुवया असलेलं एकही जनावर सापडलं नाही. कुणी शेळी म्हणालं, कुणी शेजारचा बोका. काकीने कशालाच होकार दिला नाही आणि उंदीर नदीत गेला.

मी फोटो बोटांनी मोठा केला. एक भुवई सबंध होती. दुसरी मधोमध तुटलेली.

लहानपणी वासराने लाथ मारली तेव्हा माझी उजवी भुवई फुटली होती. तिथे अजून केस येत नाहीत. गेल्या वर्षी मी नुकती कॉलेजात गेले होते. पहिल्याच चाचणीत एका विषयात जेमतेम पास झाले होते. घरावर माझे काय उपकार... मी तर काहीच केलं नव्हतं.

म्हणजे माणसाचाही काढायचा असतो तर. हे मला आजवर माहीत नव्हतं.

आज हरतालिका, उद्या चतुर्थी. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की मी उंदराच्या कपाळावर काकीच्या कपाळावर होतं तसं गोंदण काढीन. आईने तर हिरवा रंगही आणून ठेवला होता. मलाही आधी तेच सुचलं होतं. पण तिचंच बोलणं आड आलं, जो आहे त्याच्यासाठी. मी मागच्या पडवीत बसले, तिच्या करवंट्या घेतल्या, दोनदा पुसून परत काढलं. मामांसारखं नाही जमलं. एक बाजू दुसरीपेक्षा जाड झाली.

रंग वाळत होता तेव्हा शेतावरून टिप्या आला आणि त्याच्यामागून आप्पा. ते सहसा मागच्या बाजूला येत नाहीत. काकी तिथे बसलेली असायची तेव्हाही येत नसत. दारात थांबले, मान वाकडी करून बघायला लागले.

"कुनाचा गो, यंदा?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वळखा, आप्पा."

ते जवळ आले, खाली वाकले. उंदराच्या नाकाखाली पांढऱ्या मिशा होत्या, दोन्ही बाजूंनी वर वळलेल्या. आप्पा बघत राहिले. मग त्यांचा हात हळूहळू स्वतःच्या ओठावर गेला, मिशीचं एक टोक चिमटीत धरलं आणि तसाच राहिला.

"मी काय केलंय?" त्यांनी विचारलं.

मी करवंट्या धुवायला घेतल्या. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते तिचं होतं.

आप्पा पायरीवर बसले. टिप्या त्यांच्या पायाशी अंग टाकून पडला. रंग पुरता वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. मग आप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि पूर्वी मारायचे तशी, थोडी बारीक, हाक मारली, "च्या टाका गो कुनीतरी."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.