नावं ठेवणारा माणूस

आज दुपारी पहिल्याच घासाला आमच्या ह्यांनी नाक मुरडलं आणि माझ्या हातातला डाव हवेतच राहिला.

"आमटीतलं मीठ माहेरी पाठवलंस की काय?"

गेलं वर्षभर हा माणूस पानात पडेल ते मुकाट गिळत होता. डॉक्टरीणबाई त्याला नैराश्य म्हणाल्या. गोळ्यांनी फारसा फरक पडेना, तेव्हा चुंबकाचे उपचार सुरू झाले. जाग्या माणसाला खुर्चीत बसवायचं, डोक्याला एक चकती टेकवायची आणि मग सुतारपक्ष्यासारखी टकटक. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही बाईंनी आधीच सांगितलं होतं. मी शेजारी बसून ह्यांचा चेहरा बघत राहायची. आठवडे गेले, तरी चेहरा आपला कोराच.

आणि लग्नाआधी सोळा सोमवार करून मी महादेवाकडे मागितलं काय, तर जेवणाला नावं न ठेवणारा नवरा! काय ती अक्कल! वेणीत गजरा आणि डोक्यात भुसा. देवानं ते मागणं इतक्या उशिरा मंजूर केलं, तेव्हा कळलं की समोरचा मुकाट जेवायला लागला की आपल्याच घशाखाली घास उतरत नाही.

"अगं, मीठ!"

"पुन्हा एकदा म्हणा ना."

"काय?"

"तेच, माझ्या माहेरचं."

"आता त्या खुर्चीत तुलाच नेऊन बसवतो," असं म्हणून हे चक्क हसले.

मीठ आणायला मी आत गेले, ती जरा वेळानंच बाहेर आले.