एक बोट माणसाला, तीन बोटं दगडांना

परिशिष्ट तीन : मनुष्यबळ. अनुक्रमांक चार. नाव : सौ. जयश्री अजय हिलम. वय : अंदाजे एकतीस. राहणार : कातकरवाडी, डोळखांब परिसर, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. उंची : चार फूट दहा इंच. वजन : सेहेचाळीस किलो. शिक्षण : सातवी (अपूर्ण). वाहन चालविण्याचा परवाना : निरंक. पूर्वानुभव : निरंक. विशेष कौशल्य : निरंक. सदर व्यक्तीस यंत्र उचलणे, यंत्र पुसणे व यंत्रामागून चालणे या अकुशल कामी दैनिक तत्त्वावर घेण्यात आले असून, चाचणी संपताच तिची सेवा आपोआप समाप्त समजण्यात यावी.

हे परिशिष्ट ज्या अहवालाला जोडलं आहे तो एका चाकाबद्दलचा आहे. एकच चाक, जाड गुट्ट्यांच्या टायरचं, आतच मोटर, आतच बॅटरी, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पायट्या आणि वरच्या सांगाड्याला हवेचा शॉकअप. हँडल नाही, सीट नाही, ब्रेकची दांडी नाही. पुढे झुकलं की पुढे जातं, मागे रेललं की थांबतं. इंग्रजीत याला इलेक्ट्रिक युनिसायकल म्हणतात. वाडीत त्याला पहिल्या दिवसापासून ‘चाक’ म्हणतात आणि कुणाचा गैरसमज होत नाही.

ठाण्याच्या एका छोट्या कंपनीला या चाकावरून, जिथे रस्ता पोचत नाही अशा पाड्यांवर औषधं पोचवायची होती. त्याआधी चाक या डोंगरात टिकतं का हे पाहायचं होतं. हे यंत्र कायद्याने वाहन आहे की खेळणं, याचा निर्णय अजून व्हायचा असल्यामुळे डांबरी रस्ता टाळून नऊ किलोमीटरचा एक फेरा आखण्यात आला : वाडीपासून सुक्या ओहळातून वर, कातळ चढून, सागाच्या रानातून माथ्यावर, आणि भातखाचरांना वळसा घालून परत. असे साठ फेरे, प्रत्येक पंचेचाळीस मिनिटांच्या आत. शेवटच्या फेऱ्याला पाठीवर दहा किलोची औषधांची पेटी, आणि त्या फेऱ्यात शॉकअप तीनपेक्षा जास्त वेळा तळाला आपटता कामा नये. आपटला की चाकातलं यंत्र आपसूक नोंद करतं. हे सगळं सांभाळायला शेखर नावाचा तिशीतला इंजिनियर आला होता. मुलगा सरळ होता. फक्त जमीन सपाट असते या समजुतीवर त्याचं शिक्षण झालं होतं.

कल्याणहून आणलेला प्रशिक्षित चालक, वजन चौऱ्याहत्तर किलो, याने बावीस फेरे केले. तेविसाव्याला ओहळातल्या गोट्यांनी त्याचं मनगट घेतलं. दुसरा चालक मिळेना. शेखर गाशा गुंडाळायला निघाला तेव्हा चाकाच्या मीटरवर त्याला सात किलोमीटर जास्त दिसले. कुणीच न चालवलेले सात किलोमीटर.

“ताई, याला कुणी हात लावला होता का?”

“हात नाय लावला,” जयश्री म्हणाली. “पाय लावला.”

रोज दुपारी हे लोक डबे खायला बसले की ती समाजमंदिराची भिंत धरून चाकावर उभी राहायची. दुसऱ्या दिवशी भिंत सुटली. हे शिकायला शहरातल्या धडधाकट माणसांना आठवडा लागतो, कारण ते पायाखाली बघतात. जयश्री बारा वर्षं वीटभट्टीवर डोक्यावर कच्च्या विटांची थप्पी घेऊन चढउतार करत होती. तिथे जो पायाखाली बघतो त्याच्या विटा खाली जातात. नजर लांब, मान ताठ, गुडघे सैल. याला विशेष कौशल्य म्हणावं असं कधी कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

शेखरने बरेच फोन केले आणि उरलेले फेरे तिच्याकडे दिले. चाचणी पास झाली तर पाड्यांची औषधफेरी सुरू होणार होती आणि चालकाचं काम वर्षभर वाडीतच असणार होतं. नापास झाली तर काहीच नाही.

इथे एक अडचण होती. दिवाळी होऊन गेली होती आणि भिवंडीकडच्या भट्टीचा ट्रक तिसऱ्या रविवारी येणार होता. भट्टीवर जोडी लागते, नवरा-बायको. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. जयश्री थांबली तर अजयचंही काम जातं. म्हणजे चाकावर ती एकटी उभी होती, पण पडलं असतं सगळं घर.

सासू ठकूबाईने आपलं मत लपवून ठेवलं नाही.

“पँट अजयची, टोपी कंपनीची, चाक त्या ठाण्यावाल्याचं. तुझं काय गो त्यात?”

“पाय.”

“पाय मोडला की तोबी नाय राहायचा.”

अजयने सुई-दोरा काढला. त्याने पँट दोन इंच आत दुमडून शिवून दिली.

पहिल्या फेऱ्यात चाकाने जयश्रीला असे ठोके दिले की दात वाजले. आता चूक झाली ती इथे झाली, आणि ती शहापूर-मुरबाडकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. या भागात गाडीला ठोके बसतात याचा अर्थ एकच : शॉकअप ढिला झाला. कारण इथली मोटरसायकल कधी रिकामी नसते. भाताची दोन पोती, नाहीतर नवरा, बायको, दोन पोरं आणि मांडीवर सिलिंडर. गाडी घेतली की पहिल्या दिवशी मागचे दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेवर आवळून घ्यायचे, ही लग्नात हळद लावण्याइतकी ठरलेली गोष्ट. जयश्री चाक घेऊन डोळखांबच्या बाजारात भगीरथकडे गेली. भगीरथ पंचवीस वर्षं गाड्यांचे शॉकअप करतो. त्याच्याकडे आजवर कुणी शॉकअप मऊ करून मागितलेला नाही.

“भगीरथदादा, ठोकं बसतात.”

“किती आवळू?”

“तुज्या हिशोबानं.”

भगीरथने वाल्वला कॉम्प्रेसर लावला आणि स्वतःच्या हिशोबाने हवा भरली. तो हिशोब दोन पोत्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी ओहळातल्या पहिल्याच मोठ्या गोट्यावर चाक दबलं नाही, उडालं. जयश्री कारवीत पडली. हेल्मेटला चीर गेली, एक पायटी वाकली, गुडघ्याचं कातडं गेलं. तिने आधी चाक उभं केलं, मग स्वतःला.

शेखरने हवा मोजली आणि डोक्याला हात लावला. ठोके बसत होते ते चाक आधीच फार ताठ असल्यामुळे. सगळी हवा त्या चौऱ्याहत्तर किलोंसाठी भरलेली होती. त्यात आणखी भरली गेली. त्याने कंपनीचा छापील तक्ता उघडला. माणसाचं वजन एवढं तर हवा एवढी. तक्ता साठ किलोपासून सुरू होत होता.

“ताई, यात तुम्ही नाही.”

“मी तर हाय.”

“म्हणजे, तुमच्या वजनाची चाचणीच कुणी केलेली नाही.”

“मग आता करू.”

हे ऐकून शेखरने तक्ता मिटला, आणि ते त्याच्या शहाणपणाचं लक्षण होतं.

शॉकअप किती दबला हे कळायला त्याच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. दांडा दबला की कडी सरकते आणि तिथेच राहते. ही कडी दहाव्या फेऱ्यालाच तुटून गेली होती. जयश्रीने घरातला काळा करगोटा घेतला, त्याचा तुकडा दांड्याभोवती बेताचा आवळून बांधला आणि ओहळाच्या काठी बसली. हवा थोडी सोडायची, उभं राहायचं, दोरा कुठे सरकला बघायचं. मग ओहळातून एक खेप. परत हवा, परत खेप. अख्खा दिवस. सुकी मच्छी घेऊन वाडीत आलेल्या बाईने विचारलं, “काय हरवलंय गो?” जयश्री म्हणाली, “माजं वजन.”

संध्याकाळपर्यंत तिचा नियम तयार झाला. दांडा चार बोटांचा आहे. नुसतं उभं राहिल्यावर एक बोट दबला पाहिजे. उरलेली तीन बोटं दगडांची. एक बोटही दबला नाही तर चाक खड्ड्यात खाली उतरत नाही, वरच्या वर उडतं. दोन बोटं गेली तर दगडाला जागा राहत नाही, तळ आपटतो. शेखरने हेच गणित पडद्यावर मांडून पाहिलं आणि पंचवीस टक्के असं उत्तर आलं. त्याने ते तिला सांगितलं. तिने, बरं, एवढंच म्हटलं. आणखी एक गोष्ट तिने न सांगताच केली. चाकाला तीन बोटं आहेत, पण तिच्या गुडघ्यांना त्याहून जास्त होती. मोठा दगड आला की तिचे गुडघे आधी वाकत, शॉकअप मागाहून.

दुसऱ्या दिवशी ती भगीरथला सांगायला गेली की तू उलटं केलंस. भगीरथने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे रिकामी गाडी चालवायची असती तर मऊ करायचा. असं कवा कुनी आलंच नाय गो.” मग त्याने तिला दोन पितळी वाल्वटोप्या फुकट दिल्या, मागे खाच असलेल्या, आतली पिन आवळता येते अशा. भगीरथकडून माफी याच स्वरूपात मिळते.

पुढचे फेरे सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही झालं नाही. टिकाऊपणाच्या चाचणीत याहून मोठी स्तुती नसते. टायरचे गुट्टे झिजले, पायट्यांचा रंग गेला, सागाच्या वाळक्या पानांवर दोनदा चाक घसरलं आणि दोनदा सावरलं. साठावा फेरा शनिवारी दुपारी ठेवला. ट्रक रविवारी सकाळी होता. ठकूबाईने भांडी आणि गोधड्या बांधून गाठोडी दारात ठेवली होती.

शेखरने औषधांची पेटी आणली तशी जयश्री म्हणाली, “डोक्यावर द्या.”

“डोक्यावर हेल्मेट आहे.”

“हेल्मेटवर चुंबळ बसती. मी बसवून बगितली.”

“नियमात बसत नाही, ताई.”

पेटी पाठीवर बांधली गेली. जयश्रीने पंप लावला, पेटीच्या वजनाची हवा वाढवली, दोरा एका बोटावर आल्याची खात्री केली, पंप कमरेला खोचला आणि निघाली.

ओहळ, कातळ, रान, माथा, सगळं वेळेत झालं. उतरताना कारवीच्या एका खुंटाने शॉकअपच्या वाल्वची टोपी उडवली आणि आतली पिन सैल केली. हवा सुसू करत गेली. पुढच्याच दगडाला तळ आपटला. एक. आणखी दहा पावलांवर दुसरा. जयश्री उतरली. खिशातली पितळी टोपी काढली, खाचेने पिन आवळली, पंप जोडला, भरलं, उभी राहिली, दोरा पाहिला, पुन्हा भरलं. हे तिने घाई न करता केलं आणि त्यात आठ मिनिटं गेली. आता खाचरांना वळसा घालून ती वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

खाचरांमधून सरळ गेलं तर वाडी समोर दिसत होती. कागदावर वळसा होता, कारण खाचरांतून रस्ता नाही. पण अहवालात फेरा फक्त चार खुणांनी बांधलेला होता. दोन खुणांच्या मधे कुठून जायचं हे लिहिलं नव्हतं. आणि इथला रिवाज असा की भात उभं असेपर्यंत बांध मालकाचा, भात कापलं की बांध ज्याचे पाय त्याचा. बांध एक फूट रुंद होता. दोन चाकांची कुठलीही गाडी तिथे वळणावर कोसळली असती. चार चाकांचा तर प्रश्नच नाही. या यंत्राला एकच चाक का आहे याचं नेमकं उत्तर त्या बांधावर होतं, आणि ते बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

खाचराचा मालक राघो तिथेच गुरं चारत होता. पाठीवर पेटी घेतलेली एक बाई पाय न हलवता आपल्या बांधावरून येताना त्याने पाहिली.

“तूर हाय गो बांधावर! तूर!”

“दिसली, राघोमामा!” जयश्री ओरडली. तिने दोन्ही हात खांद्याच्या वर उचलले, जसे डोक्यावरचा भार सांभाळताना उचलतात, आणि तुरीच्या प्रत्येक रोपापाशी कमरेतून एवढीशी वळत गेली. एकूण सोळा बांध. राघोने नंतर तूर मोजली. एक रोप मोडलं होतं, ते त्याच्या म्हशीने.

समाजमंदिरापाशी अख्खी वाडी उभी होती. शेखरच्या हातात घड्याळ होतं आणि तो ते बघायचं विसरला होता. मग त्याने बघितलं. बेचाळीस मिनिटं. चाकाला वायर जोडून त्याने नोंदी काढल्या आणि मोठ्याने वाचल्या : “तळाला आपटला, दोन वेळा. परवानगी तीन. पास.”

“एक उरला,” जयश्री म्हणाली. तिने पेटी उतरवली.

ठकूबाई तडक घरी गेली. अजय घरी पोचला तेव्हा ती दारात बसून गाठोड्यांच्या गाठी सोडत होती. “कुनी बांधल्या एवढ्या घट्ट?” ती म्हणाली. बांधल्या तिनेच होत्या. संध्याकाळी मात्र तिने वाडीतल्या सतरा घरांत जाऊन तोच बांध सतरा वेळा सांगितला, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचताना तो अर्धा फूट रुंद उरला होता.

रविवारी ट्रक आला. मुकादमाने विचारलं, हिलमांची जोडी कुठाय? अजय म्हणाला, “जोडी हितंच हाय, दादा.” मुकादमाने चाकाकडे पाहिलं, जयश्रीकडे पाहिलं, आणि पुढच्या घराकडे गेला.

औषधफेरी डिसेंबरात सुरू झाली. अकरा पाडे, आठवड्यातून दोनदा. फेब्रुवारीत कंपनीने आणखी सहा चाकं घेतली आणि चालकांची पहिली तुकडी शिकायला वाडीत पाठवली. शिकवते जयश्री. तुकडीत पाच जण आहेत; त्यांतले तिघे इंजिनियर.