चौदा अंगणांचा जावई

...तर ओत्सुने आजी गुडघे शेकायला आठ दिवस गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली होती, इथवर काल आलो होतो. घर बंद, किल्ली शेजारणीकडे. आणि आमचा इसोकिची माळी कुदळ घेऊन तिच्या आतल्या अंगणात शिरला! चोरी करायला नाही हो, उपकार करायला.

आमची गल्ली अरुंद, पण घरं आगगाडीसारखी लांब. चौदा घरं, प्रत्येकाच्या पोटात चार चटयांएवढं अंगण. ऊन तिथं पाहुण्यासारखं येतं आणि चहाही न घेता निघून जातं. अशा सावलीत बारा महिने हिरवं राहतं ते आओकीचं झुडूप. जाड चकचकीत पानं, त्यांवर कुणी सोनेरी रंग झटकल्यासारखे ठिपके, आणि हिवाळ्यात लालभडक फळांचे घोस. नव्या वर्षाच्या सकाळी त्या फळांची फांदी प्रत्येक घरी कोनाड्यात हवीच. इसोकिचीच्या सासऱ्यानं कधीकाळी एकाच देखण्या झुडपाच्या फांद्या तोडून तेरा अंगणांत लावल्या होत्या. सगळ्या सख्ख्या बहिणी म्हणा ना.

चौदावं झुडूप ओत्सुने आजीचं. तोफू विकून म्हाताऱ्या झालेल्या या बाईच्या हात धुण्याच्या दगडी कुंडाशेजारी ते उभं असे. पानावर एक ठिपका नाही, चाळीस वर्षांत एक फळ नाही. सासरा मरताना इसोकिचीला एवढंच म्हणाला होता, "त्याला हात लावू नकोस." का ते सांगितलं नाही. आमच्याकडे उस्ताद सांगत नसतो, शिकणाऱ्यानं बघून चोरायचं असतं. इसोकिची घरजावई म्हणून आला, सासऱ्याचं आडनाव घेतलं, कात्री घेतली, पण ही एक गोष्ट चोरायची राहूनच गेली. त्याला वाटलं, हीसुद्धा त्याच बहिणींपैकी एक, कुपोषित. त्यानं ती उपटली, फांद्या कचऱ्यावर टाकल्या आणि तिथं फळांनी लदबदलेलं नवं झुडूप लावून दिलं. फुकट!

आजी परत आली. तिनं अंगण बघितलं, मग इसोकिचीला बघितलं.

"इसो, मेल्या, माझा म्हातारा कुठाय?"

"आजी, तो काही कामाचा नव्हता."

"तूही नाहीस. तुला कुणी उपटलं का?"

पुढचा हिवाळा आला. नव्या वर्षाच्या सकाळी चौदा कोनाड्यांत नुसती पानं! एका झुडपाला औषधालासुद्धा फळ नाही. तेव्हा कुठं इसोकिचीच्या डोक्यात उजेड पडला. आओकीत नर वेगळा, मादी वेगळी, हे त्याला ऐकून माहीत होतं. पण गल्लीतला एकुलता एक नर आपणच कचऱ्यात फेकला, हे आता कळलं. गल्लीनं त्याला सुनावलं, "पुढच्या नव्या वर्षाला फळं नाहीत, तर नदीपलीकडच्या माळ्याला बोलावू." चौदा अंगणं म्हणजे इसोकिचीचं अख्खं आयुष्य. सासऱ्याची कात्री त्याच्या हातातून जाणार होती.

माणूस वेडापिसा झाला. देवदारांच्या रानात जाऊन तीन आओकी खणून आणले, पाठीवर बांधून, बर्फातून घसरत. दर सकाळी माझ्या छत्र्यांच्या दुकानात यायचा.

"दादा, ह्यांच्यातला एक तरी पुरुष असेल ना?"

"मला काय विचारतोस? मी छत्र्या करतो."

मार्चअखेर फुलं उमलली. चष्मा लावून आम्ही दोघं त्या मुगाएवढ्या तांबड्या फुलांत डोकावलो. परागाचा कण नाही. तिन्ही बायका! मी हसून हसून छत्र्यांच्या कागदाच्या ढिगावर पडलो. इसोकिची रडायच्या बेतात.

तेवढ्यात दारात ओत्सुने आजी. "झाली का वधूंची परेड? चल माझ्या मागच्या दारी."

मागच्या दारी लोणच्याच्या जुन्या पिंपात माती, आणि मातीत हातभर उंचीच्या पाच फांद्या, फुलांनी भरलेल्या. कचऱ्यातून उचलून तिनं खोचल्या होत्या, आणि आओकी काय, खोचली की जगते. आजीनं फुलांवर टिचकी मारली. पिवळी धूळ उडाली.

"आजी! वर्षभर बोलला नाहीत?"

"तू वर्षभर विचारलंस? स्वतः घरजावई असून दुसऱ्या जावयाला घराबाहेर काढतो! आधी त्याची माफी माग."

इसोकिची गुडघ्यांवर बसला आणि लोणच्याच्या पिंपापुढे कपाळ टेकलं. आजीनं फांदीच्या वतीनं "हं" केलं.

मग काय, वरात! पुढे आजी, तिच्या हातात बादलीत नवरदेव. मागे इसोकिची, त्याच्या हातात माझा शाळेतला अक्षरं गिरवायचा कुंचला. त्याच्या मागे मी, छत्री धरून, कारण नवरदेवाला झुळूक लागायला नको. प्रत्येक अंगणात इसोकिची नवरदेवाची पिवळी धूळ कुंचल्यानं फुलाफुलाला लावी, आणि बायका ओरडत, "अहो, हळू! आमची लाजाळू आहे." तिसऱ्या घरात तांदळाची दारू, साके निघाली. सहाव्या घरात तांबड्या घेवड्याचा भात शिजला, तो आमच्याकडे लग्नाकार्यालाच शिजतो. दहाव्या घरापर्यंत इसोकिचीचा कुंचला माझ्या नाकावर दोनदा फिरला होता. चौदाव्या, आजीच्याच अंगणात, त्यानं फुकट लावलेली ती नवी वधू उभी होती. आजी म्हणाली, "राहू दे हिला. म्हाताऱ्याला सोबत."

वर्ष सरलं. नव्या वर्षाच्या सकाळी मी मुद्दाम घरोघर फिरलो. चौदा कोनाडे, चौदा लाल फांद्या! कात्री इसोकिचीच्याच कमरेला राहिली. पाच फांद्यांतली सगळ्यात धट्टीकट्टी पुन्हा दगडी कुंडाशेजारी लागली होती. आणि तिच्यापुढे, नवा किमोनो घालून, इसोकिची कमरेत वाकलेला. एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं, "अरे, झुडपापुढे एवढं वाकतोस, लाज नाही वाटत?"

तो वाकलेलाच राहून म्हणाला, "दादा, चौदा मुलींचा बाप आहे मी आणि जावई एकच. हा रुसला तर मी जाऊ कुठं?"