गोवराची सुई

आणीबाणी नुकतीच उठली होती. परतूरला आमच्या गल्लीत लस टोचणाऱ्या नर्सबाई आल्या की बाया लेकरं आत ओढून दारं लावायच्या. सुईनं पोरांना पुढं मूल होत नाही, अशी बोलवा होती. नसबंदीची धरपकड पाहिलेल्या त्या बायांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

एके दिवशी मात्र माझी आई धाकट्याला कडेवर घेऊन बाहेर आली. आदल्या उन्हाळ्यात माझी बहीण गोवरानं गेली होती. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आम्ही सगळं बराबर पाळलं होतं.

“गोवराची सुई टोचा,” आई म्हणाली.

“ती आपल्याकडं अजून आली न्हाई, बाई,” नर्सबाई म्हणाल्या.

आईनं धाकट्याची बाही वर सारली. “मंग जी हाय ती टोचा.”