किसनरावांचा डावा डोळा

किसनरावांनी काढलेला माझा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात माझा एक कान आणि थोडा खांदा आला आहे, बाकी सगळी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. टाकी मात्र सुरेख आली आहे. ती इतकी स्वच्छ आली नसती तर कॅमेरा बिघडला म्हणून मी गप्प बसलो असतो.

किसनराव अमरावतीला आमच्या गल्लीत समोरच राहतात. एसटीत कंडक्टर होते. सांगितलेलं तंतोतंत करायचं, ही त्यांची जन्माची सवय. एखाद्यानं दुसरं काही सांगितलं तर पहिलं सोडून ते दुसरं करत नाहीत, दोन्ही करतात. माझा त्यांच्यावर जो राग आहे तो एवढ्याचसाठी.

त्यांच्या मुलानं, अमोलनं, त्यांना चांगल्यापैकी कॅमेरा घेऊन दिला. मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढता येतो, पण उन्हात तो पडदा किसनरावांना दिसत नाही. म्हणून वरच्या छोट्या खिडकीला, व्ह्यूफाइंडरला, डोळा लावून काढायचा. दुकानदारानं त्यांना सांगितलं, उजवा डोळा खिडकीला लावा आणि डावा मिटा. झालं. किसनराव तसंच करू लागले. त्यांना एकटा डावा डोळा धड मिटता येत नव्हता. गाल वर ओढला जाई, ओठ वाकडा होई. पण फोटो बरे येत.

मग अकोल्याला त्यांच्या बायकोच्या, कौशल्यावहिनींच्या, भाचीचा साखरपुडा झाला. किसनराव कॅमेरा घेऊन मुलाकडच्या बायकांसमोर उभे राहिले. कॅमेऱ्याच्या बाजूनं त्यांचा अर्धा चेहरा बाहेर आलेला, आणि त्यात तो डावा डोळा मिटतोय, उघडतोय, पुन्हा मिटतोय. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक उठून आत गेली. कौशल्यावहिनी तरातरा आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अजी, लाज हाय का तुमाले? त्यायच्या बाईले डोया मारून राह्यले तुमी."

हे सगळं मी पाहिलं, कारण कॅमेऱ्याची पिशवी माझ्या हातात होती. ती नेहमी माझ्याच हातात असते. मला नाही म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून बायामाणसांसमोर एक डोळा मिटायचा नाही, असा वहिनींचा हुकूम झाला. किसनरावांनी तो सगळ्यांसाठीच लागू केला. उजवा डोळा खिडकीला, कारण दुकानदारानं सांगितलं. डावा सताड उघडा, कारण बायकोनं सांगितलं. आणि त्यांचं सगळं पाहणं त्या उघड्या डाव्या डोळ्यातूनच व्हायचं. खिडकीत काय आहे याचा पत्ताच नाही. समोरचा माणूस स्वच्छ दिसतोय म्हणून ते खुशाल "चला, डबल" म्हणत आणि बटण दाबत. एसटीतली डबल बेल त्यांच्या तोंडातून अजून गेलेली नाही. फोटोत टाकी येई.

मी सांगून पाहिलं. मोबाईलवर काढा म्हटलं, तर मुलाच्या भेटीचा अपमान होतो. पुन्हा डोळा मिटा म्हटलं, तर घरात भांडण होतं. मग मी सांगायचं सोडलं. माझंच काही चुकत असेल असंही वाटलं.

हे असंच चाललं असतं. पण बाळापूरच्या पार्बताबाई आजारी पडल्या. या किसनरावांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली तेव्हा किसनरावांना यांनीच वाढवलं. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी भावाला बोलावून घेतलं आणि एकच मागणं केलं. "मी मेल्यावर त्या आधारच्या फोटोले हार घालसान काय? त्याच्यात माही सूरत चोट्टीवानी आली. तू एक चांगला काढ."

भाच्यांनी स्टुडिओवाला आणतो म्हटलं. पार्बताबाईंनी ऐकलं नाही. स्टुडिओवाले तोंड पांढरं करतात, आणि भाऊ असताना परका कशाला, हे त्यांचं म्हणणं.

पहिल्या खेपेला पार्बताबाईंचा पदर आणि गोठ्याचं दार आलं. दुसऱ्या खेपेला अर्धं कपाळ. दोन्ही वेळा अमरावती ते अकोला एसटी आणि पुढे बाळापूरपर्यंत जीप, पिशवी मांडीवर. दुसऱ्यांदा परतताना किसनराव खिडकीबाहेर पाहत बसले. एरवी ते गाडीत कंडक्टरच्या चुका काढतात. त्या दिवशी त्यांनी तिकीटसुद्धा पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "एक फोटो मागतला, भाऊ, तिनं. आयुष्यात दुसरं काई मागतलं नाई."

तिसऱ्या खेपेला पार्बताबाई बऱ्याच खंगल्या होत्या. तरी लुगडं नेसून, कुंकू लावून अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. किसनरावांनी कॅमेरा उचलला. उजवा डोळा खिडकीला लावला. मी तुळशीकडे पाहत होतो, कारण या वेळी तीच येणार असं मला वाटत होतं.

"किसना," पार्बताबाई म्हणाल्या, "तू उजवा डोया लावून काहून पाहून राह्यला? कैऱ्या पाडाचा तवा तं गुलेल डाव्या डोयासमोर धरत होता."

"दुकानदारानं उजवा सांगतला, ताई."

"दुकानदारानं सांगतला. पण डोया तुया हाय का त्याचा?"

किसनराव माझ्याकडे पाहू लागले, जणू मी परवानगी द्यायची होती. माझा संयम सुटला. लावा ना बाप्पा डावा, असं मी जरा जोरातच म्हणालो.

त्यांनी डावा डोळा खिडकीला लावला. नाक मागच्या पडद्यावर चेपलं गेलं आणि आख्खा चेहरा कॅमेऱ्यामागे गेला. उजवा डोळा मिटला की उघडा आहे, हे कोणाला दिसायचा प्रश्नच उरला नाही. इतके दिवस हे कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, याची मला जास्त चीड आली.

"कुठी गेला रे? तोंड तं दिसत नाई तुयं," पार्बताबाई म्हणाल्या.

"हाय ना, ताई, इथंच. चला, डबल."

फोटोत पार्बताबाई पूर्ण आहेत. तोंड थोडं उघडं आहे, कारण त्या अजून बोलतच होत्या, आणि डोळे भावाला शोधताहेत. भाच्यांना तो पसंत नव्हता, मिटलेल्या तोंडाचा हवा होता. पार्बताबाईंनी मात्र त्याचीच फ्रेम करायला लावली, ती खाटेसमोर टांगून घेतली, आणि हारासाठी वरचा खिळाही स्वतःदेखत ठोकून घेतला. अजून त्याला हार नाही. त्या रोज चष्मा लावून तो फोटो पाहतात आणि येणाऱ्याला दाखवतात.

इकडे किसनरावांना नवाच हुरूप आला आहे. बिघडलेले सगळे फोटो पुन्हा काढायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. आज सकाळी दारात उभे. "भाऊ, तुमचाबी एक काढून ठेवू म्हणतो. चांगला."

काढून ठेवायचा म्हणजे कशासाठी, ते मी विचारलं नाही. खूप राग आला. मग आत जाऊन बनियनवर सदरा घातला आणि मागच्यासारखाच टाकीकडे पाठ करून बसलो.