भावोजींचं क्रीम चीज

घरी पाहुणे यावेत म्हणून जीव टाकणारा, आणि ते येणार नाहीत अशी आधीपासून खात्री बाळगणारा, आमच्या भावोजींसारखा दुसरा माणूस अख्ख्या करी रोडमध्ये सापडायचा नाही. चाळ पाडून टॉवर झाला, ताई नि भावोजी एकविसाव्या मजल्यावर गेले. "इथे कोण येतंय गो मरायला!" असं म्हणत या गृहस्थांनी सहा जादा खुर्च्या विकत आणल्या.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. चाळीत दिवसभर माणसांत वावरलेली बाई खिडकीशी गप्प बसू लागली. "त्यांना माणसांत ठेवा," डॉक्टर म्हणाले. झालं! भावोजींनी माणसं गोळा करायचा ध्यास घेतला. पोहे नकोत, भजी तेलकट, म्हणून फोनवर बघून क्रीम चीजचा एक प्रकार शिकले. "साखर न घातलेलं श्रीखंडच गो हे! अगदी सोपं!" चीज जरा मऊ होऊ द्यायचं, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, भरडलेली मिरी नि लिंबू घालून घोटायचं, गार करून बिस्किटांवर लावायचं. या सोप्या गोष्टीपायी त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मऊ झालं का ते सारखं बोटाने दाबून बघत. एकदा गुठळ्या राहिल्या म्हणून ते पुरणयंत्रातून काढलं. चव बघायला वॉचमनला वर बोलावलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला चालू कामातून ओढून आणलं. सातव्या मजल्यावर दुखवट्याला गेले तेही हीच वाटी घेऊन. मी कपाळाला हात लावला, तर मलाच सुनावलं, "रडणाऱ्याला भूक लागत नाही काय?" वाटी मात्र चाटूनपुसून परत आली.

गेल्या शनिवारी त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. ग्रुपवर अंगठे आले, हात जोडलेले आले. मी दादरहून दुपारीच गेले. ताईला नवी साडी नेसवली, केसांत गजरा माळला. भावोजींनी चीजवर पातीची नक्षी काढली, मग मोडली, पुन्हा काढली.

सहा वाजले, सात वाजले. समोरच्यांची ऑफिसची मीटिंग लांबली. शेजारचे माटुंग्याला सासुरवाडीला गेलेले. बाकीच्यांचा निरोपही नाही. बाहेर लिफ्ट थांबली की भावोजी उठून उभे राहत. पावलं दुसऱ्याच दाराकडे जात. शेवटी ते खुर्चीत बसले ते उठेचनात.

"मी म्हटलेलंच," ते म्हणाले. "आता कोणाकडे कोण जात नाही गो. चूक माझीच. हिला उगाच नटवून बसवली."

तेवढ्यात ताईने डाव्या हाताने सुरी उचलली. बिस्कीट ताटलीत सरकत होतं, तिला ते धरता येत नव्हतं. मी पुढे झाले तर तिने मानेनेच नको म्हटलं. चीज अर्धं बिस्किटावर, अर्धं साडीवर लागलं. ते बिस्कीट तिने भावोजींपुढे धरलं.

"अहो... खा," ती म्हणाली. "छान... झालंय."

तिने अजून चाखलंही नव्हतं.

भावोजींनी खाल्लं, आणि खाता खाता त्यांचे डोळे भरून आले. मग तिने माझ्यासाठी एक केलं, पुन्हा त्यांच्यासाठी एक. खाली लालबागचे दिवे लागत होते आणि आम्ही तिघं खात होतो. पाहुणी म्हटली तर मी एकटीच होते, आणि मी तरी कुठे परकी!